लिओंटीन प्राइस यांचे गायनजीवन : आवाजाचे मुद्दल आणि व्याज

पाश्चात्त्य ऑपेरात प्रमुख स्त्रीभूमिका गाणाऱ्या सोप्रानो गायिकांची चरित्रे एकापाठोपाठ वाचली, तर त्यांपैकी कित्येकींचा उत्तरार्ध मनाला चटका लावून जातो. तिशीच्या आगेमागे ज्या आवाजाने रसिकांना वेड लावले, तोच आवाज चाळिशीच्या सुमारास डळमळू लागतो, तार स्वर कंप पावतात, हळुवार स्वरलगाव हातून निसटतो आणि गायिका एकेक भूमिका सोडत जाते. मारिया कॅलास यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. विसाव्या शतकातील ऑपेराच्या अभिनयाला नवी दिशा देणाऱ्या या गायिकेने १९६५ साली, वयाची बेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, ऑपेराच्या रंगमंचावर अखेरची भूमिका केली. याउलट अमेरिकन सोप्रानो लिओंटीन प्राइस यांनी ऑपेराचा निरोप घेतला तो ३ जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. आणि त्यासाठी निवडली ती व्हेर्डीच्या ‘आईदा’मधील नायिकेची भूमिका, जी पुष्कळ गायिका त्या वयाच्या कितीतरी आधी बाजूला ठेवतात. त्यानंतरही सुमारे बारा वर्षे त्या एकल मैफली करीत राहिल्या.

‘गळा दैवी होता’ एवढे म्हणून हा फरक निकालात काढता येईल. परंतु कॅलास यांचा गळा दैवी नव्हता असे कोण म्हणेल? प्राइस यांच्या दीर्घ गायनजीवनामागे निसर्गदत्त देणगीइतकाच एका विशिष्ट व्यवहाराचा भाग आहे, आणि तो व्यवहार काय होता हे पाहणे उद्बोधक आहे. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतविद्यालयातील त्यांच्या गुरू फ्लॉरेन्स पेज किंबॉल यांनी तो एका वाक्यात सांगून ठेवला होता, आणि शिष्येने तो पुढे आयुष्यभर इतरांना सांगितला : गायिकेने आवाजाच्या व्याजावर गावे, मुद्दलाला हात लावू नये.

हा उपदेश ऐकायला सोपा आहे. आचरणात तो किती अवघड आहे हे कळण्यासाठी प्राइस कोणत्या परिस्थितीतून आल्या ते ध्यानात घ्यावे लागते. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२७ रोजी मिसिसिपी राज्यातील लॉरेल या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते. आई सुईण होती आणि चर्चच्या गायकवृंदात गात असे. मुलीच्या हाताला पियानोचे वळण लागावे म्हणून आईवडिलांनी घरातला फोनोग्राफ पियानोच्या पहिल्या हप्त्यापोटी देऊन टाकला. वयाच्या नवव्या वर्षी आईने तिला जॅक्सन शहरी मारियन अँडरसन यांची मैफल ऐकण्यास नेले. कृष्णवर्णीय स्त्री रंगमंचावर एकटी उभी राहून युरोपीय अभिजात गीते गाऊ शकते, हे त्या मुलीने प्रथम पाहिले ते तेथे. मात्र अँडरसन यांच्यासारख्या गायिकेलाही ऑपेराची दारे त्या काळी बंदच होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात त्यांना गाण्याची संधी मिळाली ती जानेवारी १९५५ मध्ये, वय पंचावन्नाच्या पुढे गेल्यावर. म्हणजे आवाजाचे उत्तम दिवस मागे पडल्यावर.

प्राइस ओहायोतील विल्बरफोर्स येथील महाविद्यालयात गेल्या त्या शाळेत संगीत शिकविणारी शिक्षिका होण्यासाठी. कृष्णवर्णीय मुलीला संगीतातून चरितार्थ चालविण्याचा तोच खात्रीचा मार्ग होता. तेथे त्यांच्या आवाजाकडे अध्यापकांचे लक्ष गेले. १९४८ साली ज्युलियार्डमध्ये त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. न्यूयॉर्कमधील निर्वाहासाठी प्रसिद्ध गायक पॉल रोबसन यांनी मदतीची मैफल केली, आणि लॉरेलमधील ज्या श्वेतवर्णीय चिझम कुटुंबाकडे प्राइस यांची मावशी कामाला होती, त्या कुटुंबानेही साहाय्य केले. येथून पुढे किंबॉलबाईंची तालीम सुरू झाली.

या तालमीचे मर्म समजण्यासाठी सोप्रानो गायिकेच्या कामाचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण ते आपल्याकडील गायकाच्या कामाहून मुळातच वेगळे आहे. हिंदुस्थानी गायक आपल्या गळ्याच्या सोयीने षड्ज ठरवितो. कोणी काळी एक, कोणी काळी पाच. राग तोच राहतो आणि पट्टी गळ्याप्रमाणे बदलते. ऑपेरातील गायिकेला हे स्वातंत्र्य नाही. रचनाकाराने स्वर लिहून ठेवलेले असतात, साठ-सत्तर वादकांचा वृंद त्याच पट्टीत वाजवीत असतो, आणि गळ्यानेच स्वराकडे जावयाचे असते. सोप्रानोचा व्याप ढोबळपणे मध्य सप्तकातील पांढरी एकपासून, म्हणजे दर सेकंदास सुमारे २६२ कंपनांपासून, वर दोन सप्तके, सुमारे १०४७ कंपनांपर्यंत असतो. त्या सर्वोच्च स्वरावर स्वरतंतू एका सेकंदात हजारांहून अधिक वेळा एकमेकांवर आपटत असतात. शिवाय ध्वनिक्षेपक नसतो. तीन-चार हजार श्रोत्यांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत हा आवाज वाद्यवृंदाच्या वरून पोचवावयाचा असतो.

आवाज वाद्यवृंदाला भेदून जातो तो केवळ जोराने नव्हे. स्टॉकहोमचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० नंतरच्या दशकात या प्रश्नाचा पद्धतशीर उलगडा केला. वाद्यवृंदाची ध्वनिशक्ती दर सेकंदास ५०० कंपनांच्या आसपास सर्वाधिक असते व त्यापुढे ती उतरत जाते. पुरुष गायक आपल्या कंठनलिकेची ठेवण अशी करतो की २५०० ते ३००० कंपनांच्या पट्ट्यात, जेथे वाद्यवृंद क्षीण असतो, त्याच्या आवाजाला विशेष धार येते. सोप्रानोची युक्ती निराळी आहे. मुखपोकळीला स्वतःचे अनुनाद असतात. ‘ई’ या स्वरवर्णासाठी पहिला अनुनाद सुमारे ३०० कंपनांवर, तर ‘आ’साठी सुमारे ८०० कंपनांवर येतो. गायिका वर चढू लागली की गायचा स्वर या अनुनादाच्या पुढे निघून जाण्याचा धोका असतो. म्हणून ती जबडा क्रमाक्रमाने अधिक उघडते आणि अनुनादाला स्वराच्या बरोबरीने वर नेते. स्वर आणि अनुनाद एका ठिकाणी आले की आवाजाची व्याप्ती एकदम वाढते आणि त्यासाठी स्वरतंतूंवर जादा ताण पडत नाही. किंमत द्यावी लागते ती शब्दांच्या स्पष्टतेत : अतितार स्वरांवर ‘ई’, ‘ऊ’ आणि ‘आ’ जवळजवळ एकच ऐकू येतात. सोप्रानो काय म्हणते आहे ते कळत नाही, ही श्रोत्यांची जुनी तक्रार गायिकेच्या आळसामुळे उद्भवलेली नाही. ती ध्वनिशास्त्राच्या नियमातून येते.

किंबॉलबाईंच्या ‘व्याजा’ला येथे शास्त्रीय अर्थ प्राप्त होतो. अनुनादातून जे मिळते ते व्याज. स्वरतंतूंवर श्वासाचा दाब वाढवून जे काढले जाते ते मुद्दल. वरच्या सप्तकात सुशिक्षित सोप्रानोला व्याज भरपूर मिळते. अडचण येते ती मध्य आणि खालच्या भागात. तेथे तिचा स्वर ३०० ते ५०० कंपनांच्या पट्ट्यात, म्हणजे वाद्यवृंदाच्या नेमक्या भरात, सापडतो. अशा जागी रचनाकाराने वाद्ये पातळ केली नाहीत तर गायिका झाकली जाते. आपण ऐकू येत नाही हे जाणवले की ती जोर लावते. रोज जोर लावला की तंतू सुजतात, आणि मग पूर्वी सहज येणारे तार स्वरही हट्टाने काढावे लागतात. बहुतेक आवाजांची मोडतोड वरून सुरू झालेली भासते, पण तिचे मूळ बहुधा असे मधल्या सप्तकात असते.

म्हणून कोणती भूमिका गावयाची, हा प्रश्न सोप्रानोच्या बाबतीत अभिरुचीचा राहत नाही, आरोग्याचा होतो. युरोपातील नाट्यगृहांत आवाजाच्या वजनाप्रमाणे भूमिकांची प्रतवारी रूढ आहे. हलक्या चपळ आवाजापासून वाग्नरच्या नायिकांना लागणाऱ्या वीरश्रीयुक्त आवाजापर्यंत ही उतरंड जाते. प्राइस यांचा आवाज ‘लिरिको-स्पिंटो’ या मधल्या प्रकारात बसणारा होता : मूळ पिंड भावगेय, परंतु आवश्यक तेथे वाद्यवृंदावर झेप घेण्याचे बळ असलेला. त्यांचे तार स्वर तेजस्वी आणि तरीही मऊ होते. खालचे स्वर धुरकट, काहीसे घोगरे होते, आणि मधून खाली उतरताना आवाजाचा पोत बदलतो असा आक्षेप समीक्षकांनी वेळोवेळी घेतला. तो आक्षेप खोटा नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तो सांधा जाणवतो. परंतु व्हेर्डीने मध्यम काळातील नायिकांसाठी जे लेखन केले, त्याला नेमका असा आवाज हवा असतो. ‘इल त्रोव्हातोरे’तील लिओनोरा, ‘आईदा’, ‘ला फोर्झा देल देस्तिनो’तील दुसरी लिओनोरा, ‘उन बाल्लो इन मास्केरा’तील आमेलिया, या भूमिकांत वरच्या सप्तकात लांब पल्ल्याची स्वरवाक्ये आहेत. ‘आईदा’च्या तिसऱ्या अंकात नाईलच्या काठी नायिका मातृभूमीची आठवण काढते, त्या प्रसंगी व्हेर्डी वाद्यवृंदाला मागे घेतो, ओबोची एक रेघ सोबतीला ठेवतो, आणि गायिकेला सर्वोच्च षड्जापर्यंत चढू देतो. रचनाकाराने येथे गळ्याची काळजी स्वतःच घेतली आहे.

ज्युलियार्डमधून बाहेर पडताना मात्र त्यांच्यापुढे व्हेर्डी नव्हता. विद्यालयात ‘फाल्स्टाफ’मधील अ‍ॅलिस फोर्ड गाताना रचनाकार व्हर्जिल थॉमसन यांनी त्यांना ऐकले व १९५२ साली आपल्या ‘फोर सेंट्स इन थ्री अ‍ॅक्ट्स’च्या पुनःप्रयोगात घेतले. त्यानंतर लगेच गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मधील बेसची भूमिका आली. जून १९५२ मध्ये डॅलस येथे सुरू झालेला हा प्रयोग व्हिएन्ना, बर्लिन, लंडन, पॅरिस असा फिरून पुढील वर्षी न्यूयॉर्कला आला. पोर्गीची भूमिका करणारे विल्यम वॉरफील्ड यांच्याशी त्यांचा विवाह याच काळात झाला. यशाला खोट नव्हती. पण बेस गाजली की कृष्णवर्णीय गायिकेला बेसच देण्यात येते, हा त्या काळचा अलिखित नियम होता, आणि आठवड्यातून अनेक प्रयोग हा आवाजाच्या दृष्टीने महाग व्यवहार होता. सुटकेचा मार्ग त्यांनी मैफलीत शोधला.

३० ऑक्टोबर १९५३ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये प्राइस यांनी सॅम्युएल बार्बर यांची ‘हर्मिट साँग्ज’ ही गीतमाला प्रथम सादर केली; पियानोवर स्वतः बार्बर होते. मध्ययुगीन आयरिश साधूंनी पोथ्यांच्या समासांत लिहून ठेवलेल्या मजकुरावर रचलेली ही दहा गीते आहेत, काही इतकी छोटी की सुरू होतात न होतात तोच संपतात. बेसच्या भूमिकेशी त्यांचे काहीही नाते नाही. वाद्यवृंद नाही, वेषभूषा नाही, आणि गायिकेचा वर्ण कोणत्याही कथानकाचा भाग नाही. बार्बर आणि प्राइस यांचे कलाविषयक सख्य तेव्हापासून जडले ते रचनाकाराच्या अखेरपर्यंत टिकले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांची स्वतंत्र मैफल झाली. १९५६ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वतीने त्या भारतातही मैफलींसाठी येऊन गेल्या. तेव्हा त्या मेट्रोपोलिटनच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. भारतीय श्रोत्यांना त्या ऐकावयास मिळाल्या ते मैफलीच्या गायिका म्हणून.

मैफलीचा आणि ऑपेराचा हा संबंध जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पियानोच्या साथीने गावयाचे गीत सोयीच्या पट्टीत हलविता येते. आपल्या षड्जासारखे काही पाश्चात्त्य गायिकेच्या वाट्याला येते ते येथेच. कार्यक्रमाचा क्रम तीच ठरविते. एक दमछाक करणारे गीत झाले की पुढे हलके ठेवता येते. दोन मैफलींमधील अंतर तिच्या हाती असते. मात्र येथे लपण्यास जागा नाही : दोन तासांत चार भाषा, पंचवीसएक निरनिराळ्या मनःस्थिती, आणि प्रत्येक अक्षर पियानोच्या वर उघडे. ऑपेरात जे दोष वाद्यवृंद झाकून घेतो ते येथे उघड होतात. यामुळे मैफल ही गळ्याला विश्रांती आणि तंत्राला कसोटी अशी दोन्ही ठरते. प्राइस यांच्या मैफलीचा साचा ठरलेला असे : आरंभी हँडेल किंवा मोझार्ट, मग जर्मन गीते, फ्रेंच गीते, अमेरिकन रचनाकारांची नवी गीते, एखादी ऑपेरातील आरिया आणि शेवटी कृष्णवर्णीयांची परंपरागत भक्तिगीते. डेव्हिड गार्वी यांनी १९५५ पासून सुमारे चाळीस वर्षे त्यांना पियानोची साथ केली. चाळीस वर्षे एकच साथीदार लाभणे ही गोष्ट आपल्याकडील मैफलीच्या रसिकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑपेरातील प्रवेश झाला तो दूरचित्रवाणीच्या मार्गाने. जानेवारी १९५५ मध्ये एन. बी. सी. च्या ऑपेरा विभागाने पीटर हर्मन आड्लर यांच्या नेतृत्वाखाली ‘तोस्का’ प्रक्षेपित केला. प्राइस नायिका होत्या. दक्षिणेतील अनेक केंद्रांनी हा कार्यक्रम दाखविण्याचे नाकारले. १९५७ साली सॅन फ्रॅन्सिस्को येथे पूलँकच्या ‘डायलॉग्ज ऑफ द कार्मलाइट्स’मध्ये त्यांनी मठाधिकारिणीची भूमिका केली, आणि काही आठवड्यांतच एक इटालियन गायिका आजारी पडल्याने ‘आईदा’ प्रथमच त्यांच्या वाट्याला आली. १९५८ मध्ये हेर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना, त्याच वर्षी लंडन व व्हेरोना, १९६० मध्ये मिलानचे ला स्काला. प्रत्येक ठिकाणी ‘आईदा’च त्यांच्यासोबत होती.

याच सुमारास घडलेली एक घटना त्यांच्या संपूर्ण गायनजीवनावर प्रकाश टाकते. मेट्रोपोलिटनचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी १९५८ साली ‘आईदा’चे प्रयोग करण्यासाठी त्यांना निमंत्रण दिले. ते त्यांनी नाकारले. आड्लर यांचा सल्ला असा होता की मेट्रोपोलिटनमध्ये पहिले पाऊल टाकावे ते कुलीन स्त्री म्हणून, गुलाम मुलगी म्हणून नव्हे. आईदा ही इजिप्तच्या दरबारातील बंदिवान इथिओपियन राजकन्या. कृष्णवर्णीय गायिकेचे प्रथमदर्शन त्या वेषात झाले असते तर पुढील सर्व भूमिका त्याच चौकटीत मापल्या गेल्या असत्या. या नकाराचे मोल आज सहज उमगत नाही. रॉबर्ट मॅकफेरिन आणि मॅटिविल्डा डॉब्ज यांच्यासारखे मोजकेच कृष्णवर्णीय गायक तोवर त्या रंगमंचावर आले होते. दार किलकिले झालेले असताना ‘आता नाही’ म्हणणे म्हणजे ते पुन्हा मिटण्याचा धोका पत्करणे होते. तिच्या आवाजाला आईदा अगदी योग्य होती, हे ध्यानात घेतले तर हा नकार अधिकच अर्थपूर्ण वाटतो : मुद्दल केवळ कंठात नसते, गायिकेच्या स्थानातही असते.

२७ जानेवारी १९६१ रोजी त्या ‘इल त्रोव्हातोरे’तील लिओनोरा म्हणून, राजघराण्यातील मानकरीण म्हणून, मेट्रोपोलिटनमध्ये आल्या. प्रयोगानंतर झालेल्या टाळ्यांच्या गजराची मुदत बेचाळीस मिनिटे सांगितली जाते. घड्याळ कोणी लावले होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्या नाट्यगृहाच्या इतिहासातील तो फार मोठा गजर होता यात शंका नाही. त्याच रात्री इटालियन तार-गायक फ्रँको कोरेल्ली यांचेही तेथे पदार्पण झाले. एरवी ती रात्र त्यांची ठरली असती. पहिल्याच हंगामात प्राइस यांनी पाच भूमिका गायिल्या : लिओनोरा, आईदा, चिओ-चिओ-सान, डोन्ना आन्ना आणि लिऊ. या यादीत व्हेर्डी, मोझार्ट आणि पुच्चीनी तिघेही आहेत, आणि एकही भूमिका आवाजाच्या आवाक्याबाहेरची नाही.

ती चूक पुढील हंगामात घडली. २३ ऑक्टोबर १९६१ रोजी मेट्रोपोलिटनच्या हंगामाचे उद्घाटन प्राइस यांच्या गायनाने झाले; हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. वादकांच्या संपामुळे हा हंगाम होतो की नाही अशी स्थिती होती व केंद्रीय मजूरमंत्री आर्थर गोल्डबर्ग यांना मध्यस्थी करावी लागली होती. इतक्या गाजावाजानंतर गावयाची होती ती पुच्चीनीच्या ‘ला फांचुल्ला देल वेस्ट’मधील मिनी. या ऑपेरात पुच्चीनीचा वाद्यवृंद दाट आहे, आणि नायिकेला त्यावरून मध्य सप्तकात, बोलण्याच्या लयीत, दीर्घकाळ गावे लागते. मधूनच एकदम तार स्वरावर उडी. वर वर्णन केलेली अडचण एखाद्या भूमिकेत साकार झालेली पाहावयाची असेल तर ती मिनीमध्ये पाहावी. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी दुसऱ्या अंकात प्राइस यांचा आवाज क्रमाक्रमाने बसत गेला. शब्द बोलून त्यांनी अंक कसाबसा संपविला, आणि तिसरा अंक डोरोथी कर्स्टेन यांनी गायिला. विषाणूंचा संसर्ग झाल्याचे वृत्तपत्रांनी छापले. तेवढेच एक कारण होते असे मानणे कठीण आहे. काही काळाने त्यांनी विश्रांती घेतली, रोमला गेल्या, आणि परतल्यावर मिनीची भूमिका आपल्या यादीतून दूर केली.

या अनुभवानंतरची त्यांची निवड पाहिली की गुरूचा उपदेश किती खोल रुजला होता ते दिसते. वाग्नरची एकही संपूर्ण भूमिका त्यांनी रंगमंचावर केली नाही. मोह झाला तेव्हा त्यांनी ध्वनिमुद्रणाचा आधार घेतला. स्ट्राउसच्या ‘सालोमे’चा शेवटचा प्रवेश, बिझेची ‘कारमेन’ (कारायान यांच्यासह) अशा भूमिका त्यांनी मुद्रिकेत गायिल्या, रंगमंचावर कधीही केल्या नाहीत. ध्वनिमुद्रणात गायिकेला वाद्यवृंदावर मात करावयाची नसते. तो समतोल तंत्रज्ञ साधतो, आणि थकवा आल्यास दुसऱ्या दिवशी काम चालू ठेवता येते. ऑपेरा आणि मैफल यांच्या जोडीला विसाव्या शतकाने गायिकेला दिलेले हे तिसरे क्षेत्र होते, आणि त्याचा इतका विचारपूर्वक उपयोग फार थोड्या गायिकांनी केला आहे.

मिनीनंतरचा मोठा आघात आवाजाचा नव्हता. १६ सप्टेंबर १९६६ रोजी लिंकन सेंटरमधील नवे मेट्रोपोलिटन नाट्यगृह सुरू झाले ते बार्बर यांच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ने. क्लिओपात्राचे लेखन बार्बर यांनी प्राइस यांचा स्वर कानात ठेवून केले होते. परंतु दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्ली यांनी रंगमंचावर माणसांची व जनावरांची एवढी गर्दी केली की संगीत त्याखाली दबले. नवा फिरता रंगमंच तालमीच्या काळातच मोडला, आणि रंगीत तालमीत तर नायिका पिरॅमिडमध्येच अडकून पडली. वृत्तपत्रांनी प्रयोगावर टीकेची झोड उठविली, आणि बार्बर खचले. १९७५ साली त्यांनी मेनोत्ती यांच्या साहाय्याने या कृतीची नवी आवृत्ती ज्युलियार्डमध्ये रंगमंचावर आणली. तोपर्यंतच्या काळात हे संगीत जिवंत ठेवले ते मुख्यतः प्राइस यांनी : क्लिओपात्राचे दोन प्रवेश त्या वाद्यवृंदासह मैफलीत गात राहिल्या व त्यांचे ध्वनिमुद्रणही केले. भपकेबाज रंगमंचाने जे गमावले ते मैफलीने परत मिळविले. या संगीताला गजराज, उंट आणि फिरत्या पिरॅमिडची गरज नव्हती, हे त्या मुद्रिकेवरून कोणालाही कळावे.

१९७० नंतर त्यांचे ऑपेराचे प्रयोग हेतुपुरस्सर कमी होत गेले. नव्या भूमिका मोजक्याच : सॅन फ्रॅन्सिस्कोत १९७१ मध्ये ‘इल ताबार्रो’तील जोर्जेत्ता, मेट्रोपोलिटनमध्ये १९७५ मध्ये मानों लेस्को, आणि १९७७ मध्ये स्ट्राउसची आरियाद्ने. जुन्या भूमिकांतील अभिनय पुष्कळदा स्थिर, जवळजवळ पुतळ्यासारखा असे, ही टीका त्यांच्यावर सातत्याने झाली आणि तीत तथ्य आहे. कॅलास यांनी अभिनयासाठी आवाज खर्ची घातला. प्राइस यांनी आवाजासाठी अभिनय आवरता घेतला. कोणता मार्ग श्रेष्ठ, हा वाद येथे मिटणारा नाही. मात्र दोघींच्या मुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्या तर प्रत्येकीने कशाची किंमत कशाने चुकविली ते स्पष्ट दिसते.

१९८५ च्या जानेवारीतील ‘आईदा’ अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून थेट दाखविला गेला. आठवणीतील मातृभूमीला निरोप देणारे नाईलकाठचे गीत संपल्यावर प्रेक्षकांनी प्रयोग कित्येक मिनिटे पुढे जाऊ दिला नाही. चित्रणात स्पष्ट दिसते की खालचे स्वर तेव्हा विरळ झाले होते, श्वास पूर्वीइतका लांब राहिला नव्हता, आणि तरीही तो अवघड तार स्वर ढकललेला नव्हता, उघडलेला होता. त्यानंतर ऑपेरा संपला व मैफल उरली. अध्यापन, तरुण गायकांसाठी प्रगट शिकवण्या आणि वर्षाकाठी बेताचे कार्यक्रम असा क्रम १९९७ पर्यंत चालला. कार्यक्रमात खालच्या सप्तकातील गीते आता कमी असत, आणि जेथे आवाज अजूनही खुला होता तेथे त्या अधिक वेळ रेंगाळत. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात स्मरणसभेची मैफल झाली, तेव्हा निवृत्ती बाजूला ठेवून त्या, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, रंगमंचावर आल्या. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या परंपरेतील एक भक्तिगीत त्यांनी गायिले, आणि त्यानंतर एक देशगीत, कोणत्याही साथीविना.